सत्तावीस गुणांची वाटणी

मराठीतला 'गुण' हा शब्द मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा आहे. अंगचे गुण म्हणताना तोच शब्द, आणि गुणपत्रिकेवरचे गुण म्हणतानाही तोच. औषधाचा गुण येतो. पवळ्याला ढवळ्याचा वाण नाही पण गुण लागतो. आणि वात्रट पोर चारचौघांत गुण उधळते. लग्नाची पत्रिका जुळवतानाही पुन्हा गुणच. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी या आठ कूटांना अनुक्रमे १ पासून ८ पर्यंत गुण, त्यांची बेरीज ३६, आणि त्यांतले १८ जुळले की वधूपिता सुटकेचा निःश्वास टाकतो. या साऱ्या व्यवहारात एक समजूत आपण गृहीत धरलेली असते. ती अशी की, माणसाच्या अंगी जे काही आहे ते आकड्यांत मांडता येते आणि त्या आकड्यांची बेरीजही करता येते.

ही समजूत बरोबर की चूक, हा वाद जुना आहे. आज मी तो एका खेळाच्या निमित्ताने मांडणार आहे. खेळाच्या निमित्ताने अशासाठी की, गुणांची वाटणी कशी करावी याचा इतका उघड विचार मला दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी आढळलेला नाही. वार्षिकांकात खेळावर लेख म्हटला की जिमखान्याचा अहवाल डोळ्यांपुढे येतो, हे मला ठाऊक आहे. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. हा खेळ मैदानावरचा नाही, मेजावरचा आहे. आणि त्याचा संबंध आपल्या निकालपत्राशी वाटतो त्याहून अधिक जवळचा आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालते, सोंगट्या नसल्या तरी चालते. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सांगतो, 'तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आला आहात, समोर गुहेचे तोंड आहे, आतून धूर येतो आहे.' बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. ते साधते की फसते, हे फासे ठरवतात. 'चांदोबा'तल्या विक्रमाची गोष्ट वाचून ज्यांना वाटले असेल की झाडावरून प्रेत उतरवताना मी असतो तर वेगळे काही केले असते, त्यांच्यासाठीच हा खेळ आहे. पूर्ण एक कथा संपायला कधी एक संध्याकाळ लागते, तर कधी सहा-सहा महिने.

खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पात्राचे पत्रक भरायचे असते. त्यात सहा रकाने असतात: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि सहावा म्हणजे चारचौघांवर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळे कसे, असे आपल्याकडे कोणी विचारणार नाही. ग्रंथ पाठ असणे ही बुद्धी, आणि समोरचा खोटे बोलतो आहे हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखणे हे शहाणपण. 'शिकला तेवढा हुकला' असे आपले वडीलधारे उगाच म्हणत नाहीत. या सहा रकान्यांत आकडे कसे भरायचे, हा या लेखाचा विषय आहे.

पन्नास वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देऊन झाली आहेत. १९७४ च्या मूळ नियमांत तीन साधे फासे टाकावेत आणि येईल ती बेरीज पहिल्या रकान्यात लिहावी, पुन्हा टाकावेत आणि दुसऱ्यात लिहावी, अशी रीत होती. आपल्याला काय व्हायचे आहे हे कोणी विचारीत नसे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी अठरा हा आकडा एकाच शक्यतेत येतो, आणि तीन हा आकडाही एकाच शक्यतेत. सरासरी साडेदहा. बळाच्या रकान्यात सहा पडले तर मल्ल होण्याचे स्वप्न तेथेच मिटले. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात ही कठोरता थोडी सैल झाली. तीनऐवजी चार फासे टाकावेत, सर्वांत लहान आकडा सोडून द्यावा, आणि आलेले सहा आकडे आपल्या मर्जीप्रमाणे कोणत्याही रकान्यात मांडावेत, अशी एक पद्धत तेथे सांगितली आहे. यामुळे सरासरी सव्वाबाराच्या आसपास जाते, आणि अठरा मिळण्याचा योग २१६ तून एकदाऐवजी सुमारे ६२ तून एकदा येतो.

तिसरी रीत फाशांना रजाच देते. १९८१ मध्ये निघालेल्या 'चॅम्पियन्स' आणि १९८६ च्या 'गर्प्स' या अशाच धर्तीच्या खेळांनी प्रत्येक खेळगड्याला सारखी पुंजी दिली आणि सांगितले, की यातून काय हवे ते विकत घ्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तीन वाटा खुल्या आहेत. हवे तर चार फासे टाका. नाहीतर १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा ठरावीक आकडे घ्या आणि कोठे कोणता बसवायचा ते ठरवा. नाहीतर २७ गुणांची पुंजी घेऊन बाजाराला निघा. या बाजारातला भाव मोठा विचारपूर्वक ठेवला आहे. आठ हा आकडा फुकट. आठावरून तेरापर्यंत चढताना दर पायरीला एक गुण. पण तेरावरून चौदावर जायला दोन, आणि चौदावरून पंधरावर जायला आणखी दोन. पंधराच्या वर दुकानात मालच नाही.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. पात्रांचे गुण फाशांनी ठरवू नयेत. पुंजी सर्वांना सारखी द्यावी. आणि सारखी पुंजी हाती आल्यावर प्रत्येकाने ती सहा रकान्यांत सारखी वाटून टाकू नये. पहिल्या वाक्याला फाशांचे कैवारी विरोध करतील, दुसऱ्याला सावध मंडळी. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

फाशांचे कैवारी म्हणतात, की आयुष्य कोणाला विचारून गुण वाटत नाही. फाशाने दिले ते पदरात घेऊन त्यातून माणूस उभा करणे यातच खरा रस आहे. सारीपाटाचा खेळ आपल्या रक्तात आहे. वेरूळच्या लेण्यांत साक्षात शिवपार्वती फासे खेळताना कोरलेली आहेत, मग आपण कोण लागून गेलो? युक्तिवाद गोड आहे. पण त्यात एक गफलत आहे. सारीपाटाचा डाव तासा-दोन तासांत संपतो आणि पुढच्या डावाला फासे पुन्हा सर्वांचे सारखे होतात. येथे एकदा पडलेला फासा सहा महिने पत्रकावर बसून राहतो. चार फाशांच्या रीतीत एकाच्या पदरी ८२ ची बेरीज आणि शेजाऱ्याच्या पदरी ६४ ची, असे होणे मुळीच नवलाचे नाही. मग दर शनिवारी पहिला दार फोडणार, पहिलाच राक्षस मारणार आणि पहिलाच राजाशी बोलणार. दुसऱ्याने कंदील धरायचा. थोड्याच आठवड्यांत त्याला शनिवारी 'घरी काम' निघू लागते. दैवाची गंमत पहायचीच असेल तर खेळ चालू असताना पावलोपावली फासे पडतातच की! सुरुवातीची ओळ तरी सारखी असावी. धावण्याच्या शर्यतीत कोण पडेल हे कोणाला ठाऊक नसते म्हणून काही आपण एकाला पन्नास पावले मागे उभे करीत नाही.

आता सावध मंडळींकडे वळू. 'सारखी पुंजी' म्हणजे नेमके काय सारखे, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. तीन खेळगडी घ्या. पहिल्याने तीन रकान्यांत १५ आणि तीन रकान्यांत ८ असे आकडे घेतले. त्याचा खर्च २७. दुसऱ्याने १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरावीक संच घेतला. त्याचाही हिशेब केला तर खर्च नेमका २७. तिसऱ्याने तीन ठिकाणी १३ आणि तीन ठिकाणी १२ घेतले. खर्च पुन्हा २७. परंतु बेरीज पाहाल तर पहिल्याची ६९, दुसऱ्याची ७२ आणि तिसऱ्याची ७५. बेरजेवर नंबर लावायचा झाला तर तिसरा पहिला आला आणि पहिला शेवटी गेला! किंमत तिघांनी एकच मोजली आहे. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला आपल्या गुणपत्रिकेच्या तळाशी असलेल्या 'एकूण' या रकान्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. कोणत्याही एका विषयात खोल उतरणे महाग असते. वरच्या पायऱ्यांचे भाव चढे असतात. सगळीकडे थोडे थोडे घेणारा स्वस्तात पुष्कळ गोळा करतो आणि बेरजेत पुढे दिसतो. यात त्याचा दोष नाही. दोष असला तर तो बेरजेलाच माणूस समजण्याचा.

मग तिसऱ्यासारखेच व्हावे, बेरीजही मोठी आणि कोठे उणेही नाही, असे सावध माणूस म्हणेल. त्याला मी विचारतो, की असा माणूस मेजावर बसवून पाहिला आहेस काय? तो दार फोडू शकतो, पण त्याच्याहून चांगले फोडणारा शेजारी बसला आहे. तो लिपी वाचू शकतो, पण त्याच्याहून चांगली वाचणारी समोर बसली आहे. कोणत्याही प्रसंगी 'आता तुझ्यावाचून अडले' असे त्याला कोणी म्हणत नाही. आणि कोणत्याही प्रसंगी त्याची त्रेधाही उडत नाही, त्यामुळे त्याची गोष्टही होत नाही. कुंतीच्या आणि माद्रीच्या पाच मुलांना बळ, नेम, धर्मबुद्धी, अश्वविद्या आणि गोविद्या यांचे सारखे तुकडे करून वाटले असते तर पाच सज्जन राजपुत्र झाले असते. महाभारत झाले नसते.

आपल्या भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट मागावर समजावून सांगता येईल. कापडाला ताणा लागतो आणि बाणा लागतो. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ चढवून कणखर करतात, कारण मागावर सतत ताण सोसायचा तो त्याने. बाण्याचे सूत धोट्यातून सुटत जाते. त्याला तेवढा ताण नाही, म्हणून ते मऊ राहू शकते. समतोल साधायचा म्हणून दोन्ही सुते सारखीच कडक केली तर कापडाचा पत्रा होईल. समतोल सुताचा पहायचा नसतो, कापडाचा पहायचा असतो.

तेव्हा पत्रकात एखादा आठ असू द्यावा, आणि तो निमूटपणे कोपऱ्यात न लपवता खेळावा. बरे, हा आठ वाटतो तेवढा भयंकरही नाही. या खेळात दहा-अकरा हा सामान्य माणसाचा आकडा. त्यावर दर दोन पायऱ्यांना एक मिळवायचा, त्याखाली एक वजा करायचा. म्हणजे पंधरावाल्याला अधिक दोन आणि आठवाल्याला उणे एक. ही भर ज्या फाशात घालायची त्याला वीस बाजू असतात. म्हणजे काय झाले? पंधरावाला आणि आठवाला यांच्यात वीस घरांपैकी फक्त तीन घरांचे अंतर; शंभरातले पंधरा. उरलेले सगळे प्रसंगावर, युक्तीवर आणि सोबत्यावर. आपण रोजच्या बोलण्यात 'ढ' आणि 'हुशार' यांच्यात जी दरी खणून ठेवली आहे ती पाहता हा खेळ आपल्यापेक्षा उदार म्हटला पाहिजे.

शिवाय आठ हा कायमचा आठ नसतो. पात्राने मजल दरमजल केली की ठरावीक टप्प्यांवर दोन गुण वाढवून मिळतात. याचा दाखला हवा तर वनपर्वात आहे. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला वनवासात बृहदश्व ऋषी भेटले. त्यांनी नळाची कथा सांगितली आणि पाशांची विद्याही शिकवली. आणि पुढे अज्ञातवासात हाच युधिष्ठिर विराटाच्या दरबारी कंक नाव घेऊन राहिला तो कोणत्या कामावर? राजाशी फासे खेळण्याच्या! आपल्या सर्वांत दुबळ्या रकान्यावर त्याने पोट भरले. 'चॅम्पियन्स' आणि 'गर्प्स' या खेळांत तर याच्याही पुढची सोय आहे. पात्राने एखादे वैगुण्य पत्करले, म्हणजे एक डोळा अधू, किंवा उंचीची भीती, किंवा मागे लागलेला वैरी, तर त्याच्या बदल्यात त्याला जादा गुण मिळतात. वैगुण्याचाही जमाखर्चात मान ठेवणारी ही कल्पना मला फार आवडते.

येथवर पत्रक भरणाऱ्याची जबाबदारी झाली. परंतु सूत्रधाराची जबाबदारी याहून मोठी आहे. समजा सूत्रधाराने सहा महिने नुसत्या लढायाच मांडल्या. मग बुद्धी, शहाणपण आणि छाप यांवर खर्च केलेले गुण पाण्यात गेले. पत्रकावर २७ चे २७ च आहेत, भाव सर्वांना सारखा होता, तरीही अन्याय झाला. कारण प्रश्न एकाच रकान्याला विचारले गेले. गुणांचे मोल पत्रकावर ठरत नाही, पुढे येणाऱ्या दारांवर ठरते. एक दार फोडायचे, एक कोडे सोडवून उघडायचे, एक पहारेकऱ्याशी गोड बोलून, आणि एक दार मुळात उघडूच नये हे ओळखायचे. हे ज्याला मांडता येते तोच सूत्रधार.

ही दृष्टी आपल्या जुन्या खेळियांना होती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने. यातली खुबी अशी की, पाच अवतारांत दहाचे पान मोठे आणि एकाचे लहान, तर उरलेल्या पाचांत एकाचे पान मोठे आणि दहाचे लहान. म्हणजे हातात नुसते लहान आकडे आले म्हणून कोणी पाने टाकून उठत नाही. कोणत्या अवताराचा एक, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. पान तेच, आकडा तोच. पण पाच घरांत रंक आणि पाच घरांत जवळजवळ राव.

आणि राज्यकारभारातले उदाहरण हवे असेल तर ज्यांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी काबीज केली त्या शिवाजी महाराजांचेच घ्या. १६७४ मध्ये, म्हणजे या खेळाच्या बरोबर तीनशे वर्षे आधी, राज्याभिषेकाला अष्टप्रधान उभे होते. पेशवे मोरोपंत पिंगळे, सेनापती हंबीरराव मोहिते, न्यायाधीश निराजी रावजी, अशी कामे वाटलेली. हंबीररावांनी दानधर्माचा शास्त्रार्थ करावा आणि पंडितरावांनी घोडदळ चालवावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. पण त्यातही एक मर्यादा होती. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता बाकीच्या प्रधानांना प्रसंगी लढाईवरही जावे लागे. म्हणजे दुसऱ्याच्या रकान्यात पंधरा नको, पण शून्यही चालणार नाही; आठ तरी पाहिजे. खेळातही आठाखाली जायची मुभा पुंजीच्या रीतीत नाही, ती याचसाठी असावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला तिच्याकडे येतो. मेजावर भावाचा तक्ता सर्वांना एकच असतो. तेरावरून चौदाला दोन गुण, मग तो कोणीही असो. आपल्या गावात तसे नाही. आपल्या वर्गात मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा निरनिराळ्या घरभाषांची मुले शेजारी शेजारी बसतात. एकाला अभ्यासाला खोली आहे. दुसरा रात्रपाळीचे बारा तास माग चालवून सकाळी तासाला येतो, आणि खडखडाट कानांत असतानाच साहित्यशास्त्र ऐकतो. तिसरा दुपारनंतर गोदामात खोकी मोजायला जातो. चौथी मुलगी घरचे पाणी, स्वयंपाक आणि धाकट्यांचे पाहून उरलेल्या वेळात वाचते. चौघांच्या गुणपत्रिकेवर ६० हा आकडा सारखाच छापला जातो. परंतु पहिल्याला जो गुण एका पैशाला मिळाला तो दुसऱ्याला चारांना पडला आहे. आकडा खोटा नाही. त्याच्यामागची किंमत मात्र पत्रिकेवर छापलेली नसते.

याच खेळात अलीकडे झालेला एक बदल येथे सांगण्यासारखा आहे. सहा आकडे भरून झाल्यावर त्यांत थोडी भर पडते. २०१४ च्या नियमांत ही भर पात्राच्या कुळावरून ठरे: अमक्या वंशात जन्मलास तर तुझे चापल्य अधिक, तमक्या वंशात जन्मलास तर बळ. २०२४ च्या सुधारित नियमांत ती कुळापासून काढून घेतली आणि पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली. ते आधी काय करीत होते? शेतकरी होते, कारागीर होते, खलाशी होते, लेखनिक होते? त्या यादीत सरदारपुत्रही आहे, पण कारागिरापेक्षा त्याला कणभरही जास्त मिळत नाही. रकाने वेगळे, भर सारखी. जन्मावरून गुण ठरवण्याच्या खोडीने ज्या देशाचे शतकानुशतके नुकसान केले त्या देशातील विद्यार्थ्यांना या बदलाचे महत्त्व फोड करून सांगायला नको. मागावर उभा राहिलेला मुलगा वर्गात येतो तेव्हा तो रिकाम्या हाताने येत नाही. तुटलेला धागा आवाजावरून ओळखण्याचे चापल्य आणि बारा तासांचा काटकपणा तो घेऊन येतो. आपल्या पत्रकात त्याला रकानाच नाही, एवढेच.

यावर कोणी प्राध्यापक म्हणतील, की बाबा रे, विद्यापीठाची उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकाला मुलाचे नाव माहीत नसते आणि नसावेच. तोच तर न्याय आहे. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. लेखी परीक्षा काढून टाका असे मी म्हणत नाही, आणि कष्टाळू मुलाला दयेचे गुण द्या असे तर मुळीच म्हणत नाही. दयेच्या गुणांचा कष्टाळू मुलालाच सर्वांत आधी राग येतो. माझे मागणे सूत्रधाराकडे आहे. तीन तासांच्या लेखी पेपरात पाठांतर, वेग आणि अक्षर यांचीच दारे असतात. पण वर्ष तीन तासांचे नसते. भित्तिपत्रक आहे, वक्तृत्व आहे, एकांकिका आहे, गावातल्या धंद्यांची पाहणी आहे, वर्गातली चर्चा आहे. ही दारे आपण 'अवांतर' म्हणून बाजूला टाकतो आणि मग वर्गातल्या निम्म्या मुलांचे गुण दिसत नाहीत अशी तक्रार करतो. निरनिराळी दारे वर्षभर मांडली, आणि ती उघडणाऱ्याची नोंद निकालाइतक्याच आदराने घेतली, तर आकड्याचा जुलूम पुष्कळ कमी होईल.

विद्यार्थिमित्रांकडेही एक मागणे आहे. अभ्यासाचे गट करताना आपण सारख्यांतले सारखे निवडतो: पहिल्या बाकावरचे पाच एकीकडे आणि खिडकीकडचे पाच एकीकडे. मेजावर असा संघ पहिल्याच गुहेत मरतो. पाच मल्लांना कुलूप उघडत नाही, आणि पाच पंडितांना दार तोडता येत नाही. ज्याच्या पत्रकात माझ्या आठाच्या जागी पंधरा आहे त्याच्या शेजारी जाऊन बसणे यासारखा गुणवाढीचा स्वस्त मार्ग नाही.

एक शेवटची सूचना, जिला फासेही लागत नाहीत आणि जिमखान्याची परवानगीही लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा रकाने आखा. २७ गुणांची पुंजी घ्या, वर सांगितलेला भाव पाळा आणि स्वतःचे पत्रक प्रामाणिकपणे भरा. मग पान झाकून तेच सहा रकाने एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला तुमच्यासाठी भरायला सांगा. दोन्ही पत्रकांवर खर्च २७ च असेल. आकडे मात्र जुळणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. जेथे ते जुळत नाहीत तेथे बोट ठेवून दोघांनी अर्धा तास बोलत बसावे. त्या अर्ध्या तासात स्वतःविषयी जेवढे कळेल तेवढे कोणत्याही गुणपत्रिकेच्या तळाशी आजवर छापून आलेले नाही.